एचआयव्ही, फुफ्फुसं आणि ‘दाह पॅनेल’: रक्तातून नेमकं कळतं काय?

साकव (धागाकर्ता)
सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. सध्या बऱ्याच व्हॉट्सॅप गटांत एका ‘इन्फ्लमेशन पॅनेल’ची जाहिरात फिरते आहे. एचएस-सीआरपी, आयएल-६, डी-डायमर, फेरिटिन आणि एलडीएच, पाचही एका पॅकेजात. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, ‘एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या फुफ्फुसांसाठी विशेष उपयुक्त’.

गोळ्या व्यवस्थित चालू असल्या तरी शरीरात मंद दाह राहतो आणि त्याचा फुफ्फुसांशी संबंध असतो, एवढं वाचून माहीत आहे. पण एक ठरावीक चित्र समोर ठेवून विचारतो. टीएलडी (टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राव्हिर ही एचआयव्हीची तीन औषधं एका गोळीत) चालू, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) सापडत नाही, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) पाचशेच्या वर, पूर्वी कधीतरी टीबी होऊन बरा झालेला, आणि आता दोन जिने चढले की धाप लागते. असा माणूस हे पॅनेल करायला निघाला तर त्याला काय सांगावं? करू दे, की अडवावं? जाणकारांनी लिहावं, जरा सविस्तर.

---

श्वासवाट
सोमवार, रात्री १०:०३

अडवावं. निदान पहिली पायरी म्हणून तरी नाहीच.

या पाचांपैकी एकही चाचणी फुफ्फुसाची नाही. सीआरपी यकृतात तयार होतं. आयएल-६ शरीरात कुठल्याही कोपऱ्यातून येतं, अगदी पोटावरच्या चरबीतूनही. डी-डायमर म्हणजे रक्ताची गुठळी विरघळताना उरलेला चुरा. एलडीएच तर लाल पेशी, यकृत, स्नायू सगळीकडे असतं. हिरडी सुजलेली असली तरी सीआरपी वर जाऊ शकतं.

तुम्ही सांगितलेल्या माणसाला आधी फुंकायची चाचणी हवी, म्हणजे स्पायरोमेट्री. तीही साल्बुटामॉल (श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध) देऊन पुन्हा केलेली. चार पफ, एकूण ४०० मायक्रोग्रॅम, स्पेसरमधून, मग १० ते १५ मिनिटं थांबून दुसरा संच. औषधानंतर एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात सोडलेली हवा) भागिले एफव्हीसी (एका दमात सोडलेली एकूण हवा) ०.७० पेक्षा कमी आलं तर हवेला अडथळा आहे.

टीबी होऊन गेलाय हा मुद्दा ठळक करा. टीबीचे जंतू मेले तरी व्रण उरतात, श्वासनलिका रुंदावून वेड्यावाकड्या होतात, अडथळा आणि आकसणं दोन्ही एकाच छातीत सापडतं. ‘सीओपीडी’ (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असा शिक्का बसतो आणि मूळ कारण मागे पडतं. त्यामुळे छातीचा एक्स-रे, आणि गरज वाटली तर सीटी.

एक अट मात्र आहे. खोकला, ताप, वजन घटणं यातलं काही असेल तर आधी थुंकीची तपासणी, मगच फुंकणं. चालू टीबीच्या माणसाला बंद खोलीत जोरात फुंकायला लावू नये.

---

खवचट_काका
सोमवार, रात्री १०:२०

थोडक्यात, गल्लीत कुणाचं घर जळतंय ते शोधायला नळाच्या पाण्याचं तापमान मोजायचं. त्यावर पॅकेजात ३० टक्के सूट. (हलके घ्या.)

---

पिपेट
सोमवार, रात्री ११:१५

श्वासवाट यांच्याशी सहमत. पण कुणी करणारच असेल तर निदान आकडा खरा यावा म्हणून प्रयोगशाळेच्या बाजूनं लिहितो.

डी-डायमर निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत घेतात. नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. नळीवरच्या खुणेपर्यंत रक्त भरलंच पाहिजे. अर्धी नळी भरली तर सायट्रेट जास्त होतं, नमुना पातळ होतो आणि आकडा चुकतो. त्याहून मोठा घोळ एककांचा. काही यंत्रं ‘एफईयू’मध्ये उत्तर देतात, काही ‘डीडीयू’मध्ये, आणि एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट असतो. त्यात कुणी नॅनोग्रॅम लिहितो, कुणी मायक्रोग्रॅम. नेहमीची मर्यादा ५०० नॅनोग्रॅम प्रति मिली ही एफईयूची. एका लॅबचा ४०० आणि दुसरीचा २५० पाहून ‘कमी झालं’ म्हणून पेढे वाटू नका, दुसरा डीडीयूमध्ये असेल तर तो उलट वाढलाय.

आयएल-६ सगळ्यात नाजूक. रक्त नळीत तसंच पडून राहिलं तर पेशी नळीतच आयएल-६ सोडत राहतात. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घेऊन लवकरात लवकर फिरवायचं, प्लाझ्मा वेगळा काढायचा, लगेच तपासायचा नसेल तर गोठवायचा. संशोधनात उणे ८० अंशांवर ठेवतात आणि पुन्हापुन्हा वितळवत नाहीत. घरी येऊन नमुना नेणारा मुलगा दुपारच्या उन्हात आणखी सहा घरं करून लॅबला पोचतो, त्या नमुन्यातल्या आयएल-६वर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

एलडीएचचं वेगळंच दुखणं. सुई नीट लागली नाही, सिरिंज जोरात ओढली, नळी घुसळली, की लाल पेशी फुटतात आणि एलडीएच उसळतं. सिरम गुलाबी दिसलं तर तो आकडा विसरून नमुना पुन्हा घ्या. शिवाय एलडीएच मोजायच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्हींची सामान्य मर्यादा वेगळी. एकीत २५०च्या आसपास संपते, दुसरीत साडेचारशेपर्यंत जाते. रिपोर्टवर छापलेली मर्यादा न बघता नुसता आकडा फोनवर सांगण्यात अर्थ नाही.

---

आकडेमोड
मंगळवार, सकाळी ७:४०

जाहिरातवाले ज्या अभ्यासांचा आधार घेतात ते खोटे नाहीत. ते भलत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वापरले जातात, गोम तिथे आहे.

२००६ साली ‘स्मार्ट’ चाचणीचा निकाल आला. ५,४७२ लोक, निम्म्यांना सलग औषध, निम्म्यांना सीडी४ पाहून औषध बंद-चालू. बंद-चालू गटाचे हाल झाले. नंतर २००८ मध्ये त्याच लोकांच्या साठवलेल्या रक्तात दिसलं की ज्यांचं आयएल-६ आणि डी-डायमर सुरुवातीला जास्त होतं त्यांच्यात मृत्यूही जास्त. तिथून एचआयव्ही संशोधनात या दोघांना मान मिळाला.

फुफ्फुसांपुरतं बोलायचं तर २०१४ मध्ये अमेरिकी निवृत्त सैनिकांच्या एका अभ्यासात सीटीवर दिसणाऱ्या एम्फिसीमाचा (फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्यांच्या भिंती नष्ट होण्याचा) संबंध रक्तात विरघळलेल्या सीडी१४शी आणि सीडी४च्या आजवरच्या नीचांकाशी सापडला. हे विरघळलेलं सीडी१४ म्हणजे मोनोसाइट पेशी चिडल्याची खूण. एचआयव्ही सुरुवातीलाच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशी खाऊन टाकतो, भिंत झिरपू लागते, जंतूंचे तुकडे रक्तात येतात आणि या पेशी सतत चिडलेल्या राहतात. गंमत अशी की जाहिरातीतल्या पॅनेलमध्ये ही चाचणी नाहीच!

पण हे सगळे गटाचे निष्कर्ष आहेत. शंभर लोकांची सरासरी शंभर दुसऱ्या लोकांपेक्षा वर, एवढंच. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एका माणसाचा आकडा पाहून तो कुठल्या गटातला हे सांगता येत नाही.

---

मीनल_ज
मंगळवार, सकाळी ९:०५

थोडं असहमत. आज आकडा नोंदवून ठेवला आणि दरवर्षी पाहिलं तर निदान कल कळेल ना? साखर, कोलेस्टेरॉल आपण असंच बघतो.

---

आकडेमोड
मंगळवार, सकाळी ९:५०

@मीनल_ज, कल दिसायला आकडा स्थिर हवा. एचएस-सीआरपी एकाच निरोगी माणसात दोन आठवड्यांत सहज दुप्पट किंवा निम्मं होतं. म्हणून तर हृदयाच्या जोखमीसाठी ते दोनदा, दोन आठवड्यांच्या अंतरानं करून सरासरी घ्यायचा प्रघात आहे, आणि १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर आलं तर आधी संसर्ग शोधून मग पुन्हा करतात. वर्षातून एकदा घेतलेल्या एका आकड्यात कल शोधणं म्हणजे पावसाळ्यातल्या एका दिवसावरून दुष्काळ ठरवणं.

दुसरं, आयएल-६ वाढलेलं निघालं तर पुढे काय? ते उतरवून फुफ्फुस वाचवायचं असं सिद्ध झालेलं औषध आज हातात नाही. औषधं लवकर सुरू केली तर फुफ्फुसं वाचतील अशी आशा होती. ‘स्टार्ट’ चाचणीच्या फुफ्फुस उपअभ्यासात हजाराहून अधिक लोकांची स्पायरोमेट्री वर्षानुवर्षं केली. २०१६ च्या निकालात लगेच औषध आणि उशिरा औषध या दोन गटांत एफईव्ही१ उतरण्याचा वेग सारखाच निघाला. औषध लवकरच सुरू करायचं, त्याची बाकीची कारणं भक्कम आहेत. पण ते फुफ्फुसाचं कवच नाही.

---

हिरवी_वही
मंगळवार, दुपारी १:३०

चर्चा एकाच बाजूला झुकतेय म्हणून लिहिते. एका कामासाठी सीआरपी खरंच उपयोगी आहे आणि ते काम आपल्याकडे सगळ्यात मोठं आहे. टीबी.

एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे) प्रत्येक भेटीला चार प्रश्न विचारतात: खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं की तपासणी. औषध बराच काळ चालू असलेल्या लोकांत मात्र या चार प्रश्नांच्या जाळीतून जवळजवळ निम्मे टीबी निसटतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत सीआरपी हे चाळणीचं साधन म्हणून मान्य केलं. मर्यादा ५ मिलिग्रॅम प्रति लिटर. त्यावर आकडा आला तर थुंकी ट्रूनॅट किंवा सीबीनॅटला (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी यंत्रं). जे नुकतेच निदान होऊन अजून औषधावर नाहीत त्यांच्यात ही चाळणी सगळ्यात चांगली चालते.

पण तीही चाळणीच. सीआरपी ४० आलं म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू करायच्या नसतात. आणि ३ आलं म्हणून महिनाभराचा खोकला सोडून द्यायचा नसतो.

थुंकी म्हणजे थुंकी, लाळ नव्हे. सकाळी चूळ भरून, दोन-तीन खोल श्वास घेऊन आतून खाकरून काढलेला बेडका, २ ते ५ मिली. नुसता फेस डबीत दिला तर यंत्र बिचारं काय शोधणार?

(अवांतर: ट्रूनॅट बनवणारी कंपनी आपल्या शेजारची, गोव्यातली. बॅटरीवर चालतं म्हणून वीज जाणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही उपयोगी पडतं.)

---

पिपेट
मंगळवार, दुपारी २:१०

हिरवी_वही यांच्या ५ या मर्यादेला एक सापळा चिकटलेला आहे. लहान गावांत सीआरपी बऱ्याचदा लॅटेक्सच्या काचपट्टीवर करतात. सिरमचा थेंब, लॅटेक्सचा थेंब, हलवलं, गुठळ्या दिसल्या की पॉझिटिव्ह. या किट साधारण ६ मिलिग्रॅमच्या पुढेच गुठळ्या दाखवतात. म्हणजे ‘निगेटिव्ह’ याचा अर्थ ५च्या खाली असा होतच नाही. उलट फारच जास्त सीआरपी असेल तरी गुठळ्या बनत नाहीत आणि खोटं निगेटिव्ह येतं. तेव्हा सिरम पातळ करून पुन्हा बघावं लागतं. चाळणीसाठी आकडा देणारं यंत्रच हवं.

आणि एकक पुन्हा तपासा. काही रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येतात. तिथला ०.८ म्हणजे लिटरचे ८, मर्यादेच्या वर!

---

निरागस_प्रश्न
मंगळवार, दुपारी ३:००

रक्तात टीबी पकडणारी पट्टी आलीये म्हणे? १० मिनिटांत?

---

हिरवी_वही
मंगळवार, दुपारी ३:२५

ती रक्ताची नव्हे, लघवीची. टीबी-लॅम. पट्टीवर ६० मायक्रोलिटर लघवी, २५ मिनिटं थांबायचं, सोबतच्या रंगकार्डाशी ताडून वाचायचं. ३५ मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरायची नाही. सीडी४ खूप खाली गेलेल्या किंवा रुग्णालयात दाखल असलेल्या आजारी माणसांत ती जीव वाचवते. साकव यांच्या पाचशे सीडी४वाल्या माणसात तिचा उपयोग जवळजवळ शून्य. निगेटिव्ह आली तर टीबी नाही असंही नाही.

सीडी४ २०० च्या खाली असेल तर तिच्यासोबत रक्तातली क्रिप्टोकॉकल अँटिजेन चाचणीही करतात, क्रिप्टोकॉकस या बुरशीसाठी. ती बुरशी छातीमार्गेच शरीरात शिरते.

---

श्वासवाट
मंगळवार, रात्री ८:४५

सीडी४ २०० च्या खालचा विषय निघालाच आहे तर न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाबद्दल (प्रतिकारशक्ती ढासळल्यावर होणारा बुरशीचा न्यूमोनिया) लिहितो. रक्ताच्या खुणा खरोखर निर्णय बदलतात अशी ही जागा आहे.

चित्र ठरलेलं. कोरडा खोकला, ताप, दोन-तीन आठवडे हळूहळू वाढणारी धाप, छातीला स्टेथोस्कोप लावला तर जवळजवळ काही ऐकू येत नाही. बसल्या जागी ऑक्सिजन ९६ आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या की ८८. ऑक्सिमीटर बोटाला लावून चालवलंच नाही तर हे निसटतं. नेलपॉलिश काढा, बोट थंड असेल तर चोळून गरम करा, आकडा स्थिर झाल्यावर वाचा.

यात एलडीएच बहुधा वाढलेलं असतं. टीबी, लिम्फोमा, फुटलेल्या लाल पेशी, या सगळ्यांतही वाढतं. त्यामुळे ‘वाढलंय म्हणून न्यूमोसिस्टिस’ असं चालत नाही. ‘अगदी सामान्य आहे, मग जरा दुसरीकडेही बघू’ इतपत मदत होते. बीटा-डी-ग्लुकान ही रक्तात बुरशीच्या भिंतीचा अंश शोधणारी चाचणी याहून बरी. ती निगेटिव्ह आली तर न्यूमोसिस्टिसची शक्यता बरीच खाली येते. पण डायलिसिसचे काही पडदे, इम्युनोग्लोब्युलिन, अल्ब्युमिन, शस्त्रक्रियेतलं गॉज यांनी ती खोटी पॉझिटिव्ह येते.

संशय दाट असेल तर रिपोर्टची वाट बघत बसत नाहीत. ट्रायमेथोप्रिमच्या हिशेबानं दिवसाला किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅम को-ट्रायमॉक्साझोल (ट्रायमेथोप्रिम आणि सल्फा यांची जोडगोळी), २१ दिवस. धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब ७० मिमीच्या खाली असेल तर सोबत प्रेडनिसोलोन: ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा ५ दिवस, मग ४० एकदा ५ दिवस, मग २० एकदा ११ दिवस. सल्फा सोसत नसेल आणि प्रायमाक्विन किंवा डॅप्सोन द्यायचं असेल तर आधी जी६पीडी (लाल पेशी जपणारं एन्झाइम) तपासायचं. हा सगळा रुग्णालयातला मामला, घरी करायचा नाही.

---

खवचट_काका
मंगळवार, रात्री ९:१०

इतकं सगळं झालं, पण बिडीचं नाव कुणी काढलं नाही. ती कुठल्या नळीत घ्यायची?

---

श्वासवाट
मंगळवार, रात्री ९:३०

काकांनी नेम बरोबर धरला. बिडी, सिगारेट आणि चूल, पॅनेलमधल्या पाचही आकड्यांपेक्षा हे तीन प्रश्न जास्त सांगतात. चूल खास बायकांना विचारायची: किती वर्षं, दिवसाचे किती तास, धुराडं होतं का, आता गॅस आला तरी पाणी तापवायला लाकूड चालू आहे का. एचआयव्हीमुळे जोखीम तंबाखू वगळूनही वाढते, पण तंबाखू असताना दोन्ही मिळून जास्तच पोखरतात. धूर बंद करणं हा दाह कमी करायचा आज उपलब्ध असलेला सगळ्यात खात्रीचा उपाय.

---

गोळीघर
बुधवार, सकाळी १०:१५

स्पायरोमेट्रीत अडथळा निघाला की पुढे इन्हेलर येतो आणि तिथे मोठा खड्डा आहे, म्हणून फार्मसीच्या बाजूनं सविस्तर.

एचआयव्हीच्या दुसऱ्या फळीच्या औषधांत रिटोनाव्हिर असतं, अटाझानाव्हिर, लोपिनाव्हिर किंवा दारुनाव्हिरच्या जोडीला. ते यकृतातलं सीवायपी३ए४ हे एन्झाइम बंद पाडतं. फ्लुटिकासोन आणि ब्युडेसोनाइड हे श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड त्याच एन्झाइमनं मोडले जातात. ते मोडायचे थांबले की रक्तात साचतात. काही आठवड्यांत चेहरा गोल, मानेमागे चरबी, पोटावर जांभळे पट्टे, साखर वर. बाहेरून स्टेरॉइड पुरतंय म्हणून स्वतःची अधिवृक्क ग्रंथी (शरीराचं स्टेरॉइड बनवणारी) झोपते. आणि कुणीतरी ‘इन्हेलरनं सूज आली’ म्हणून तो एकदम बंद केला तर रक्तदाब कोसळतो.

इथे एक रक्तचाचणी नेमकी कामाची आहे: सकाळी ८ च्या सुमाराचं कॉर्टिसॉल, म्हणजे या ग्रंथीचं स्टेरॉइड. ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर ग्रंथी झोपली आहे असं धरतात. दुपारी ४ ला घेतलेलं कॉर्टिसॉल या प्रश्नाला निरुपयोगी, कारण ते दिवसभर उतरतच जातं.

उपाय सोपा आहे. रिटोनाव्हिर चालू असेल आणि श्वासातून स्टेरॉइड लागणारच असेल तर बेक्लोमेथासोन. साल्मेटेरॉल हे श्वासनलिका रुंद करणारं औषधही रिटोनाव्हिरबरोबर टाळतात, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. त्याच कामाचं टायोट्रोपियम चालतं. गुडघ्यात दिलं जाणारं ट्रायामसिनोलोनचं इंजेक्शनही याच खड्ड्यात पाडतं, हे हाडांच्या डॉक्टरांना आधीच सांगावं.

साकव यांच्या माणसाचं टीएलडी आहे, त्यात हा त्रास नाही. डोल्युटेग्राव्हिर हे एन्झाइम बंद पाडत नाही. पण पुन्हा टीबी निघाला आणि रिफाम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्राव्हिरची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी १२ तासांनी लागते, आणि ती टीबीचा कोर्स संपल्यावरही दोन आठवडे. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या असतील तर डोल्युटेग्राव्हिर त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर.

---

मीनल_ज
बुधवार, सकाळी ११:००

पण छातीच्या डॉक्टरांना एचआयव्हीचं सांगायलाच बरेच जण कचरतात. मग हे जुळणार कसं?

---

हिरवी_वही
बुधवार, सकाळी ११:४०

सांगणं माणसाच्या हातात आहे. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्यानुसार (लागू १० सप्टेंबर २०१८) संमतीशिवाय तपासणी नाही आणि संमतीशिवाय स्थिती उघड करणं नाही. लॅबलाही सांगायची गरज नसते, प्रत्येक नमुना संसर्गजन्य धरूनच हाताळायचा असा नियम आहे. पण गोळीघर यांनी लिहिलेलं वाचून इन्हेलर लिहिणाऱ्या डॉक्टरला निदान औषधांची नावं दाखवावीत असं मला ठामपणे वाटतं. एआरटी केंद्राची हिरवी वही न्यायची नसेल तर चिठ्ठीवर तीन नावं लिहून न्या. शंका असल्यास नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) १०९७ ही मोफत मदतवाहिनी आहे.

---

श्वासवाट
बुधवार, रात्री ९:००

एक गोष्ट मघाशी सुटली. एचआयव्हीमध्ये स्पायरोमेट्री पूर्ण सामान्य आणि तरीही धाप, असं बरेचदा दिसतं. अशा वेळी डीएलसीओ करतात. किंचित कार्बन मोनॉक्साइड असलेली हवा एका दमात आत घ्यायची, १० सेकंद रोखायची, सोडायची. वायू फुफ्फुसातून रक्तात किती सहज उतरतो ते कळतं. एचआयव्हीत सगळ्यात जास्त वेळा बिघडलेला आढळतो तो हाच आकडा.

पण तो वायू पकडतं हिमोग्लोबिन. ते कमी असेल तर फुफ्फुस ठणठणीत असूनही डीएलसीओ खाली येतो. पुरुषासाठी दुरुस्ती अशी: मोजलेला आकडा गुणिले (१०.२२ अधिक एचबी), भागिले (१.७ गुणिले एचबी). स्त्रीसाठी १०.२२ च्या जागी ९.३८. पुरुषाचं एचबी ९ असेल तर गुणक १.२६ च्या जवळ येतो. म्हणजे रिपोर्टवरचे ६० टक्के खरे ७५ टक्के असतात! एकाला गंभीर आजाराचं लेबल, दुसऱ्याला लोहाची गोळी. त्या दिवशी बिडी ओढलेली असेल तर रक्तात आधीच कार्बन मोनॉक्साइड असतो, तेव्हाही आकडा खोटा खाली येतो.

---

पिपेट
बुधवार, रात्री ९:२५

म्हणजे या धाग्यावर सगळ्यात उपयोगी ‘बायोमार्कर’ साधा सीबीसी निघाला की. :) एचबी वरच्या दुरुस्तीसाठी, शिवाय धापेचं कारण खुद्द रक्तक्षयच असू शकतो. झिडोव्हुडीन (रक्तक्षय करू शकणारं एचआयव्हीचं औषध) चालू असेल तर एचबी जास्तच बारकाईनं. आणि त्याच कागदावर इओसिनोफिल (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी).

---

श्वासवाट
बुधवार, रात्री ९:४०

+१. इओसिनोफिलची एकूण संख्या हवी, टक्के नकोत. सीओपीडीत ३०० च्या पुढे असेल तर श्वासातल्या स्टेरॉइडचा फायदा व्हायची शक्यता बरी, १०० च्या खाली असेल तर नाहीच. स्टेरॉइडनं न्यूमोनियाची जोखीम वाढते, आणि एचआयव्ही अधिक जुना टीबी या जोडीत ती अंगावर घ्यायची तर कारण पक्कं हवं. आपल्याकडे जंतांनीही इओसिनोफिल वाढतात. संख्या ३,००० च्या पुढे, रात्रीचा खोकला आणि घरघर असेल तर हत्तीरोगाच्या जंतूंमुळे होणारा फुफ्फुसाचा आजार आठवा.

---

आकडेमोड
बुधवार, रात्री १०:१५

लहान मुलांबद्दल दोन ओळी, कारण जन्मापासून एचआयव्ही असलेली मुलं आता पंधरा-वीस वर्षांची आहेत. त्यांच्यात बारीक श्वासनलिका व्रणांनी बुजण्याचा आजार दिसतो. हरारे आणि ब्लँटायर इथल्या ‘ब्रीद’ चाचणीत ६ ते १९ वयाच्या ३४७ मुलांना ४८ आठवडे आठवड्यातून एकदा अझिथ्रोमायसिन किंवा खोटी गोळी दिली. निकाल २०२० चा. एफईव्ही१ सुधारला नाही, पण आजार अचानक उसळण्याचे प्रसंग कमी झाले. म्हणजे बुजलेली नळी परत उघडत नाही.

---

साकव (धागाकर्ता)
गुरुवार, सकाळी ८:२०

सगळ्यांना दंडवत. वाचनखूण साठवली.

मला समजलेला क्रम लिहितो, चुकलं तर दुरुस्त करा. आधी चार लक्षणं आणि धूर विचारायचा, गरज असेल तर थुंकी. मग चालवून ऑक्सिजन, सीबीसी, एक्स-रे. मग औषध देऊन स्पायरोमेट्री, ती सामान्य असेल तर एचबीची दुरुस्ती करून डीएलसीओ. पॅनेलचे पैसे यातच वापरायचे. बरोबर?

आणि शेवटचं: फुंकायला जाताना उपाशी जायचं का?

---

श्वासवाट
गुरुवार, सकाळी ९:०५

क्रम बरोबर. पायावर सूज किंवा उताणं झोपल्यावर धाप असेल तर एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारी खूण) जोडा. १२५ पिकोग्रॅम प्रति मिलीच्या खाली आलं तर हृदय दुबळं असण्याची शक्यता बरीच कमी होते. डी-डायमर फक्त अचानक धाप लागली, गुठळीचा संशय आहे पण फार दाट नाही, एवढ्याच प्रसंगी. पन्नाशीनंतर मर्यादा वय गुणिले १० नॅनोग्रॅम धरतात, एफईयूमध्ये.

उपाशी नको. फक्त आधीचे दोन तास भरपेट जेवण नको, एक तास बिडी-सिगारेट किंवा धावपळ नको. कपडे सैल. कवळी घट्ट बसत असेल तर तोंडातच ठेवा, ओठ नीट आवळता येतात. साल्बुटामॉलचा पफ ४ ते ६ तास आधीपासून बंद, १२ तास चालणारे इन्हेलर २४ तास, टायोट्रोपियम दोन दिवस, अर्थात दम सोसत असेल आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल तरच. आठवड्याभरात हृदयविकाराचा झटका, नुकतीच डोळ्यांची शस्त्रक्रिया, थुंकीतून रक्त किंवा छातीत हवा शिरलेली असेल तर पुढे ढकला.

फुंकताना पहिला फटका जोरात आणि पुढे रेघ सपाट होईपर्यंत सोडत राहायचं. तीन चांगले प्रयत्न हवेत, आणि त्यातले सगळ्यात मोठे दोन १५० मिलीच्या आत जुळले पाहिजेत. तंत्रज्ञानं एकाच प्रयत्नात ‘झालं’ म्हटलं तर आणखी दोनदा फुंकू द्या असं सांगा.

---

खवचट_काका
गुरुवार, सकाळी ९:३०

आणि प्रत्येकासाठी नवा फिल्टर लावलाय ना तेही बघा. नाहीतर आधीच्या पेशंटची मिसळ फुकट.